बिननावाची चिठ्ठी

सरुबाई आठ महिने एकच गोष्ट सांगत होती, "ती चिठ्ठी माझी न्हवं." चर्चच्या पायरीवर सांगितली, नळावर सांगितली, पंचांसमोर हात जोडून सांगितली. एकानंही तिच्यावर विश्वास ठेवला नाही. आणि जिला खरं ठाऊक होतं ती दाराशेजारी खिळ्याला लटकून गप्प होती. ती मी. प्रार्थनेची पेटी. आज बोलतेय, पण मान वर करून नाही.

मला दानपेटी समजू नका. ती तिकडं पुढं असते, पाळकसाहेबांच्या टेबलाजवळ, झालर लावलेली. मी दारापाशी, चपलांच्या वर. माझ्यात पैसे टाकत नाहीत, दुखणी टाकतात.

जन्मानं मी बाक. चौथीच्या वर्गात होते, खिडकीजवळ. पोरांनी माझ्यावर करकटकानं नावं कोरली, पाढे लिहिले, एकानं शेंबूड पुसला. शाळेत नवे लोखंडी बाक आले तेव्हा मला ओट्यावर फेकलं. जोतीराम सुतारानं मला उचललं, कापलं, चार फळ्यांची पेटी केली आणि वरती एक फट पाडली. बाहेरून पॉलिश मारलं, आतून रंधाही फिरवला नाही. म्हणाला, "चिठ्ठीला काय टोचतंय व्हय?" माझ्या डाव्या अंगाला आतून अजून "सात सक बेचाळीस" वाचता येतं. माझं शिक्षण तेवढंच, चौथीपर्यंत. वाचता येतं, जोडाक्षराला जरा अडते.

आमची वाडी वरकुट्याच्या पुढं, उसात बुडालेली. ख्रिस्ती घरं बावीस. कुणी बागायतदाराच्या डाळिंबात कामाला, कुणी भिगवणच्या मासळी बाजारात, दोन-तीन पोरी बारामतीत दवाखान्यात. चर्चला पत्र्याचं छप्पर. उन्हाळ्यात उपदेश लांबला की पत्रा तडतडतो आणि पाळकसाहेबांना वेळ कळते.

माझा कायदा जुन्या पाळकसाहेबांनी घालून दिला होता. ज्याला प्रार्थना हवी त्यानं चिठ्ठी लिहावी, पण खाली स्वतःचं नाव घालू नये. लिहिणारा देवाला ठाऊक आहे, तेवढं पुरे. चिठ्ठी आधी कुणी उघडायची नाही, पाळकांनीसुद्धा नाही. रविवारी उपासनेत सगळ्यांसमोर उघडायची, वाचायची, प्रार्थना करायची. आणि उपासना सुटली की मागच्या अंगणात सगळ्या जाळून टाकायच्या. ते काम सरुबाईचं. झाडलोटही तीच करायची, माझी किल्लीही तिच्याच कमरेला. नवरा नाही, पोर नाही. त्या किल्लीला ती दागिन्यासारखी जपायची.

काय काय वाचलंय मी. "बोअरला पाणी लागू दे." "सूरजला चांगली नोकरी मिळू दे, नाही तर वाईट संगत तरी सुटू दे." एकदा आली, "माझ्या गुडघ्यासाठी आणि शेजारणीच्या जिभेसाठी." त्या दिवशी सगळ्या बायका एकमेकींचे गुडघे बघत होत्या. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात. आमच्यात ते खरोखर मिटतात फक्त तान्ही पोरं आणि आबासाहेब, आणि आबासाहेबांना झोप लागलेली असते.

कुणाच्या घरात काय चाललंय ते बावीस घरांना रविवारी कळायचं. मला शनिवारीच. आणि आता जे सांगते ते मला कुणी विचारलेलं नाही, पण लपवणार नाही. मला त्याची चटक लागली होती. फटीतून कागद आत पडला की वाटायचं, बघू, कुणाचं काय निघालं. देवाची पेटी म्हणवून घेत होते आणि चावडीवरच्या बाईसारखी कान टवकारून बसत होते.

गेल्या वर्षी जोतीरामच्या योगिनीचं लग्न ठरलं. योगिनी बारामतीत नर्स. मुलगा लोणी भापकरचा, ऋषिराज, दूध संकलनावर कामाला. आमच्यात लग्न ठरलं की तीन रविवार ओळीनं उपासनेत दोघांची नावं पुकारतात. कुणाची हरकत असेल तर त्यानं उभं राहून सांगायचं. तिसरा रविवार शांततेत गेला की मांडवाला हरकत नाही. पहिला रविवार सुखात पार पडला. योगिनीची आई, कुशाबाई, त्या दिवशी सगळ्यांना हसून भेटत होती आणि हातातला रुमाल पिळत होती.

दुसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी एक हात माझ्यापाशी आला. कागदाच्या चार घड्या. बोटांना कोथिंबिरीचा वास. चिठ्ठी आत पडली तरी हात निघेना, माझ्या अंगावर टेकून राहिला, वर ओठ पुटपुटत होते. हात कुणाचा ते मी ओळखलं. कोथिंबिरीच्या जुड्या बांधणारं आमच्यात एकच घर आहे. आणि मला काय वाटलं असेल? दया? नाही. मला वाटलं, उद्या काहीतरी मोठं ऐकायला मिळणार.

मिळालं. दुसरं गाणं चालू असताना दारात जीप थांबली. मुलाची आई, मामा, आणखी चौघं. न कळवता आले होते, नावं पुकारलेली आपल्या कानानं ऐकायला. त्यांना पुढच्या सतरंजीवर बसवलं. बायकांच्या रांगेत एक हात अर्धा वर गेला आणि परत पदराखाली गेला. नवे पाळकसाहेब जूनमध्येच बदलून आलेले. त्यांनी माझ्यातली चिठ्ठी काढली, चार घड्या उलगडल्या आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचायला लागले.

"योगिनीसाठी प्रार्थना करावी. लहानपणी तिला आकडी यायची. सात वर्षांची झाल्यापासून आली नाही. सासरी गेल्यावर परत येऊ नये."

तिसऱ्या वाक्याला त्यांचा आवाज उतरला, पण आकडीचं वाक्य तोंडातून निघून गेलेलं होतं.

मुलाचा मामा उठला. "पाळकसाहेब, आता नावं पुकारू नगा."

उपासना तिथंच सुटली. सरुबाई नेहमीसारखी चिठ्ठी घेऊन मागं गेली, आणि पुढच्या अंगणात जे झालं ते मी दारातून ऐकलं. जोतीराम म्हणत होता, "पंधरा-सोळा वर्सं झाली, पाव्हणं. पोरगी नर्स हाय, रात पाळी करती."

"असू द्या. पन आमाला सांगायला पायजे व्हतं का न्हाय?"

ज्यानं मला रंधा-करवतीनं घडवलं, त्याच्याच लेकीचं लग्न माझ्या पोटातल्या कागदानं मोडलं. जीप गेली. धूळ खाली बसायच्या आत सगळे आत येऊन माझ्याभोवती गोळा झाले.

"चिठ्ठी कुठाय? अक्षर बघू," सिंधुबाई म्हणाली. ती भगिनी मंडळाची पुढारी, तिच्याशिवाय आमच्यात पान हलत नाही.

"जाळली," सरुबाई म्हणाली.

"आजच बरी घाई झाली."

"दर रयवारी जाळती, सिंधुबाई. तुमच्या गुडघ्याची पन मीच जाळली व्हती."

कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्याची किंमत सरुबाईनं पुढं आठ महिने दिली. सिंधुबाईचा चेहरा लाल झाला. "लोकहो, जरा आठवा. हिनं आपल्या भाच्यासाठी, सूरजसाठी, योगिनीला मागणी घातली व्हती. जोतीरामनं न्हाय म्हणून सांगितलं. किल्ली हिच्याकडं. चिठ्ठी जाळली हिनं. आता आनखी काय पायजे?"

"मला लिवता तरी येतंय का?"

"लिवून घेतलं असंल कुनाकडनं."

"मागणी घातली व्हती, व्हय. न्हाय म्हणाले तवा वाईट वाटलं, ते पन व्हय. म्हनून मी देवाच्या पेटीत असलं टाकीन?"

तेव्हा आबासाहेब, पंचांतले वडीलधारे, कुशाबाईकडं वळले. "तू पोरीची आई हायस. तुला काय वाटतं?"

कुशाबाईनं पदर तोंडावर धरला. म्हणाली, "मला काय ठावं."

बस, तेवढंच. सरुबाईचं नाव पुसायला तेवढं पुरलं.

पंचांनी तिच्याकडून किल्ली घेतली, झाडू घेतला. मंडळीचं मन साफ होईपर्यंत प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर नि द्राक्षरस, घेऊ नकोस म्हणून सांगितलं. मन कुणाचं मळलं होतं ते कुणी विचारलं नाही. वाडीतल्या प्रगतीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला सगळ्या वाडीला जेवण होतं, हिला निरोप नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून तिच्या भाच्याचा नंबरही काढला. तिचा भाऊ वारला तेव्हा भगिनी मंडळ गाणी म्हणायला गेलं नाही. आमच्यात वैऱ्याच्या मयतीलासुद्धा गाणी म्हणतात. पाळकसाहेब एकटे गेले आणि एकट्यानं गायले. त्यांचा आवाज तसा फाटकाच.

तरी ती दर रविवारी यायची. शेवटच्या सतरंजीच्या कडेला, बरोबर माझ्या खाली बसायची. तिच्या आजूबाजूला दोन हात जागा मोकळी. आशीर्वाद झाला की उठताना माझ्यावर हात ठेवायची आणि हळूच म्हणायची, "तुला तर ठावं हाय की गं."

ठाऊक होतं. जोतीरामनं मला फट दिली ती आत घेण्यासाठी. बाहेर काढायला तोंड दिलं नाही. पण हे मी स्वतःलाच सांगायची सबब आहे. तोंड असलेली एक बाई रांगेत बसून होती, आणि तिच्या गप्प बसण्यात माझी चटक मिसळलेली होती. मला त्या शनिवारी वाईट वाटलं असतं तर आज निदान लाज थोडी कमी वाटली असती.

त्यानंतर माझ्यात कुणी काही टाकेना. पाळकसाहेब दर रविवारी मला उघडायचे आणि रिकामी बघून मिटायचे. पोटात एक झुरळ राहायला आलं होतं, ते सोबतीला.

मग एका रविवारी योगिनी रातपाळी संपवून थेट बारामतीहून आली. बायकांची रांग ओलांडून मागं आली आणि सरुबाईच्या शेजारच्या मोकळ्या जागेत बसली. उपासना सुटली, लोक पांगले, तरी ती उठली नाही.

"मावशी, चिठ्ठी तुमची असली तरी माझा राग न्हाय. खोटं काय व्हतं त्यात? मला आकडी यायची. भिगवणला दवाखान्यात मला उचलून कुनी नेलं व्हतं?"

"मीच. एस्टी चुकली, म्हनून मासळीच्या टेंपोत बसवलं तुला. सगळा दवाखाना नाक दाबून बसला व्हता."

दोघी हसल्या. मग सरुबाई म्हणाली, "पन चिठ्ठी माझी न्हाय, पोरी."

"बरं. न्हाय तर न्हाय."

एवढं सोपं होतं. आठ महिन्यांत बावीस घरांना जमलं नाही ते हिनं दोन शब्दांत केलं. सरुबाईनं तोंड फिरवलं आणि सतरंजीचा काठ उगाच सरळ करत बसली.

दारात कुशाबाई उभी होती, हातात चपला घेऊन. किती वेळची होती कोण जाणे. योगिनी उठून म्हणाली, "आई, चल, ऊन वाढतंय." कुशाबाई हलली नाही. तिची नजर सरुबाईशेजारच्या, आता पुन्हा मोकळ्या झालेल्या जागेवर होती.

पुढच्या शनिवारी तोच कोथिंबिरीचा वास माझ्यापाशी आला. कागद फटीत अर्धा घातला आणि परत काढला. त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. मी मनात म्हणत होते, टाक गं बाई. तू वाईट हेतूनं लिहिलं नव्हतंस. तुला वाटलं, आपली माणसं, सगळ्यांना लहानपणापासून ठाऊकच आहे, बावीस घरांनी मिळून मागितलं तर देव ऐकेल. जीप येईल हे तुला माहीत नव्हतं. चिठ्ठीबद्दल तुला कुणी काही म्हणणार नाही. पण त्या एका "मला काय ठावं"चं ओझं घेऊन तू किती दिवस जुड्या बांधणार? तिसऱ्या शनिवारी कागद आत पडला. या वेळी मला काहीच ऐकायची हौस नव्हती.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाचा रविवार. पाळकसाहेबांनी चिठ्ठी आधी मनात वाचली. पहिल्यांदाच नियम मोडला. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मग मोठ्यानं वाचली. वाचून झाल्यावर सिंधुबाई आपल्या गुडघ्यांकडं बघत होती. आबासाहेब चक्क जागे होते. त्यांनीच उठून किल्ली आणली आणि सरुबाईच्या पुढं धरली. सरुबाईनं लगेच घेतली नाही. त्यांचा हात भरून येईस्तोवर तसाच ठेवला.

योगिनीच्या लग्नाचं पुन्हा काही कळलेलं नाही. ऋषिराज दोनदा बारामतीला दवाखान्याबाहेर दिसला म्हणतात. पण ती बातमी माझी नाही, आणि मी ती सांगणार नाही.

मी अजून त्याच खिळ्याला आहे. आता तुमच्याकडं एक मागणं. कुणासाठी प्रार्थना करायची असेल तर त्याच्या घरी जा, शेजारी बसा, तिथं करा. मला उतरवा आणि माझा परत बाक करा. बाकावर माणूस माणसाच्या शेजारी बसतो.

सरुबाईनं ही दुसरी चिठ्ठी जाळली नाही. माझ्यातच ठेवली आणि कुलूप लावलं. अक्षर मोठं आहे, ओळी खाली घसरलेल्या आहेत, कुठं कुठं जोडाक्षर सोडून दिलेलं. चौथीपर्यंतच्या शिक्षणावर वाचून दाखवते:

"माझ्या लेकीची चिठी मीच टाकली होती. सगळ्यांनी देवाकडं मागावं म्हणून. पाहुणे आले आणि मी भ्याले. मग सरुबाईचं नाव निघालं तरी मी गप बसले. तिनं माझी पोर उचलून दवाखान्यात नेली होती आणि मी तिला उन्हात उभी केली. किल्ली तिची तिला द्या. आज मी प्रभुभोजन घेणार नाही. चिठीवर नाव घालू नये असा नेम आहे, तरी मी घालते. कुशाबाई."