बरणी खोलीइतकी होईपर्यंत

बियाण्यांच्या शीतगृहात ती बावीस वर्षं नोकरीला होती. पहिल्याच दिवशी सरांनी, म्हणजे तेव्हाच्या प्रमुखांनी, आतून एक थंडगार बरणी आणून तिच्यासमोर ठेवली होती. बघता बघता काच धुरकटली आणि थेंब ओघळायला लागले.

"गळतेय का?" तिने विचारलं.

"बरणी कशाला गळेल? हे या खोलीतलं पाणी. हवेत असतंच, दिसत नाही इतकंच. थंड काचेला हवा टेकली की तिला ते धरून ठेवता येत नाही. काचेवर बसलं तर पुसता येईल, पण झाकण उघडलंस तर बियांवर बसेल. बरणी खोलीइतकी होईपर्यंत हात लावायचा नाही. लहान बाटलीला दोन तास पुरतात. मोठी बरणी तेवढीच थंड असली तरी तिला उष्णता जास्त लागते. तिला अख्खा दिवस द्यायचा."

तिने तो दिला. सोबतचे चेष्टा करायचे, "बाई चहासुद्धा तापमापक बुडवून पितात." ती हसायची आणि थांबायची.

निळ्या फुलांच्या रानवाटाण्याची एकच बरणी होती. सरांनी आणि त्यांच्या बायकोने दरी पायी तुडवून ते बी गोळा केलं होतं. नंतर दरी धरणाखाली गेली. सरांची बायको गेली, मग त्यांचे डोळे गेले.

एके दिवशी पाहुणे आले. नव्या साहेबांना नेमकी तीच बरणी दाखवायची होती.

"उद्यापर्यंत थांबावं लागेल," ती म्हणाली.

"अहो बाई, दोन मिनिटांचं काम. पाहुणे काय उद्या परत येणार आहेत?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने झाकण फिरवलं. बिया या हातातून त्या हातात गेल्या, फोटो निघाले. अर्ध्या तासाने तिने बघितलं, तर बरणीतल्या बिया नुकत्या धुतल्यासारख्या चमकत होत्या.

"आता वाळवायला हव्यात, साहेब."

"आधी आत ठेवा, आपल्याला पुढच्या दालनात जायचंय. वाळवा सावकाश."

तिने त्या ओल्याच परत शून्याखालच्या थंडीत ठेवल्या. संध्याकाळी आईला दवाखान्यात हलवल्याचा फोन आला आणि ती तशीच पळाली. परतली ती पाचव्या दिवशी. पाणी प्यालेल्या बिया आतल्या आत गोठून तडकल्या होत्या. तिने एकूण एक बी झाकणाच्या बशीत ओल्या कागदावर मांडलं. महिनाभर रोज सकाळी झाकण उचलून बघितलं. बुरशी आली, कोंब आला नाही.

ती सरांच्या घरी गेली. साहेबांचं नाव जिभेवर आलं होतं, तिने ते गिळलं.

"बरणी मी थंडच उघडली, सर."

सरांनी मान तिच्या आवाजाकडे वळवली. "विसरली होतीस?"

"नाही. माहीत होतं."

"एकही उगवलं नाही?"

"एकही नाही."

त्यांनी चाचपडत खुर्चीचा हात धरला. "तिने त्या दरीत पाय मोडून घेतला होता," ते म्हणाले. "तरी ओंजळ सोडली नव्हती." मग तोंड फिरवून म्हणाले, "जा तू आता."

ते रागावले असते तर तिला रडता तरी आलं असतं. त्यानंतर त्यांनी तिला कधी बोलावलं नाही आणि जायचं तिचंही धाडस झालं नाही.