समासातली नावं

रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा नववा अध्याय पिलसुनने बाराव्या वचनापर्यंत शिस्तीत उतरवला, तेरावं वचन कोरं ठेवलं आणि पुढे चौदावं लिहिलं. चुकून नव्हे. दोन ओळींची जागा मोजून सोडली.

चर्चला सत्तर वर्षं होत होती, म्हणून सगळ्या मंडळीने मिळून अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हाताने लिहून काढायचं ठरलं होतं. कोणी काय लिहायचं ते चिठ्ठ्यांनी ठरलं. लिहिलेलं पान दुसऱ्याने बोट फिरवून वाचायचं आणि बिनचूक असेल तर खाली आपला शिक्का मारायचा; कोणी कोणाचं तपासायचं हेही चिठ्ठीनेच. एक ओळ सुटली, समासात एक रेघ जास्त पडली, तरी पूर्ण पान पुन्हा. पिलसुनची पानं तपासायला चिठ्ठीत निघाली मीरान, तिची धाकटी जाऊ. चिठ्ठीतही देवाचीच इच्छा असते, असं चर्चचे धर्मगुरू, पाळक मिन, हसून म्हणाले. देवाला दुसरे उद्योग नाहीत का, असं पिलसुनच्या मनात आलं.

मीरानचं नाव निघालं की पिलसुनच्या पोटात दुखायचं. हे ती स्वतःपाशी कबूल करायची आणि देवापाशीही करायची, फक्त नवऱ्यापाशी नाही. मीरान नऊ वर्षांपूर्वी बुसान शहरातून आली ती केस तांबडे रंगवून. तिथे ती गाण्याचा बार चालवायची. इथे आल्यावर दहा महिन्यांत बाप्तिस्मा, दीड वर्षात मंडळीपुढे साक्ष. मी चिखलात लोळत होते आणि देवाने मला जग निर्माण व्हायच्या आधीच निवडून ठेवलं होतं, असं ती सांगायची. तेव्हा म्हाताऱ्या बायका रुमाल काढून डोळे पुसायच्या. पिलसुन चार पिढ्यांची ख्रिस्ती. तिने कधी चिखलात लोळून बघितलं नाही, त्यामुळे तिच्याकडे सांगण्यासारखी साक्षच नव्हती. एकतीस वर्षं ती पहाटेच्या प्रार्थनेला जात होती आणि तिथून थेट शिंपल्यांतून कालवं सोलायच्या शेडमध्ये. यात कोणाला रडू येण्यासारखं काय आहे?

एवढं असूनही ती गिळून बसली असती. पण या वसंतात सासूबाई गेल्या आणि जाताना आपलं शास्त्र मीरानला देऊन गेल्या.

चार वर्षं सासूबाईंना कुशीवर वळवायची ती पिलसुन. पेज भरवायची ती पिलसुन. त्यांची लाल पेन्सिल तासून उशाशी ठेवायची तीही पिलसुनच. सासूबाईंचा स्वभाव मुलखावेगळा होता. पिलसुन कधी फाडकन बोलली तर त्या उलटून बोलायच्या नाहीत. हिंडत्याफिरत्या होत्या तेव्हा उठून खोलीत जायच्या, नंतर अंथरुणातच शास्त्र उघडायच्या आणि लाल पेन्सिलीने त्यात काहीतरी खरडायच्या. त्या शांतपणाचाच पिलसुनला जास्त राग यायचा. काय लिहितात ते तिने एकदाही डोकावून पाहिलं नाही. आज ना उद्या हे शास्त्र आपल्याकडेच येणार, मग निवांत वाचू, असं ती धरून चालली होती. आणि म्हातारीने शेवटच्या शुद्धीत ते उचलून दिलं धाकटीला, जी आठवड्यातून एकदा त्यांचे केस धुवायला यायची.

त्यात बुधवारच्या पाठात पाळकांनी नेमका तो नववा अध्याय घेतला. दोन जुळी बाळं आईच्या पोटात. एकाने अजून काही चांगलं केलेलं नाही, दुसऱ्याने काही वाईट केलेलं नाही. आणि तेराव्या वचनात देव म्हणतो की याकोब माझा लाडका, एसावाचा मी द्वेष केला. कॅल्विन या जुन्या धर्मपंडिताने हे सर्वांत स्वच्छ समजावलंय, पाळक म्हणाले. देवाने कोणाला घ्यायचं आणि कोणाला सोडायचं हे आधीच ठरवलंय, माणसाच्या कर्तबगारीचा त्यात गुंजभरही वाटा नाही.

पिलसुन उभी राहिली. बुधवारच्या पाठात बाईमाणसाने मध्येच उभं राहण्याची त्या चर्चमध्ये पद्धत नव्हती. तिने विचारलं, "मग एकतीस वर्षं पहाटे चारला उठतं कोण? मी, की तो?"

"तीही त्याचीच कृपा," पाळक म्हणाले.

"आणि जी उठत नाही, तिला तो उठवत नाही? आणि नंतर तिलाच शिक्षा करतो?"

पाळकांनी कुंभार आणि मातीचा दाखला दिला, मातीने कुंभाराला जाब विचारू नये असं सांगितलं, आणि सगळे आमेन म्हणाले. त्यात सर्वांत खणखणीत आमेन होतं मीरानचं. पिलसुनच्या अंगाचा तिळपापड झाला. निवडून घेतलेल्या माणसाला आमेन म्हणायला काय जातं? दाराबाहेर उभं राहून म्हणून दाखव म्हणावं.

त्यानंतर आठवडाभर ती शेडमध्ये दुपारच्या सुट्टीत कालवांच्या टोपल्यांना टेकून उत्पत्तीचं पुस्तक वाचत बसली. हातमोजे काढले तरी बोटांना खारा वास असायचा, पानांना तो लागला. तिला एसावचा माग काढायचा होता. धाकट्या याकोबाने थोरल्याचा आशीर्वाद लाटल्यावर शिकारीहून आलेला तो धटिंगण पुरुष बापापुढे हंबरडा फोडून विचारतो, की बाबा, तुमच्याकडे एकच आशीर्वाद होता का? तिथे तिला हुंदका आला. शेजारणीने विचारलं तर डोळ्यात शिंपल्याचा कण गेला म्हणाली. पुढे ती वाचत गेली, आणि वीस वर्षांनी याकोब भीतभीत परत येतो तिथे पोचली. एसाव धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. आणि याकोबच म्हणतो, तुझं तोंड पाहिलं आणि देवाचं तोंड पाहिल्यासारखं झालं. ज्याचा देव म्हणे द्वेष करतो, त्याच्याच चेहऱ्यात लाडक्याला देव दिसला! हे पाळकांना कोणी का सांगत नाही?

ते सांगायला ती स्वतःच गेली आणि कोरी जागाही उघडून दाखवली. शास्त्रावर माझा विश्वास आहे, ती म्हणाली, पण तुम्ही सांगता तो अर्थ मनात ठेवून हे वचन माझ्या हाताने उतरत नाही, कळेपर्यंत थांबा. पाळक मिन काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला भाजलेल्या जवाचा चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, उतरवणं हे हाताचं काम आहे, ते कळायला हवं असं नाही. बांधणीला वह्या सोमवारी जाणार आहेत. रविवारपर्यंत जमलं नाही तर ते पान मीरानला द्या. तिचं अक्षरही छान आहे.

तिचं अक्षरही छान आहे. पिलसुन हे वाक्य शुक्रवारभर चघळत राहिली. न पटलेलं लिहावं, तर मन खाणार. न लिहावं, तर सासूबाईंच्या शास्त्रासारखं हेही पान धाकटीच्या पदरात. आणि मुळात ती कशासाठी अडून बसली होती? मीरान एवढ्या खणखणीत आमेन म्हणाली नसती, तर ते वचन तिने मान खाली घालून लिहिलं नसतं का? हा प्रश्न तिला फार लागला.

शनिवारी दुपारी तिने वही कापडात बांधली आणि मीरानच्या केस कापायच्या दुकानात गेली. वही तिच्यापुढे टाकून म्हणायचं वाक्य वाटेतच तयार केलं होतं: घे बाई, सगळं तुझ्याच नावाने लिहून ठेवलंय. दुकानात हान आजी डोक्याला केस कुरळे करायचे रोळ लावून, वर गरम टोपी चढवून बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्या दोघींकडे बघून नुसत्या मान डोलवत होत्या.

वाक्य म्हणून झालं. मीरानने वही उघडली, कोरी जागा बघितली, वही मिटून परत केली.

"मी नाही लिहिणार, जाऊबाई."

"का? अक्षर छान आहे ना तुझं."

मीरानने हात पुसले, रोळांच्या कागदांचा खण उघडला आणि तळातून सासूबाईंचं शास्त्र काढून पिलसुनच्या मांडीवर ठेवलं. "हे न्या तुमच्याकडे. वसंतापासून द्यायचं म्हणत्येय. लाज वाटत होती."

"कसली?"

"उघडून बघा की."

पिलसुनने उघडलं. समासात लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: पिलसुन. पान उलटलं. पिलसुन. स्तोत्रांत, संदेष्ट्यांत, शुभवर्तमानात, जिथे बघावं तिथे सासूबाईंच्या वेड्यावाकड्या अक्षरात तिचं नाव, पुढे तारीख, पुढे बारीक रेघोट्या.

"एकशे बारा वेळा," मीरान म्हणाली. ती आजींच्या रोळांकडे बघत होती. "मोजलंय मी. माझं एकदाही नाही. शेवटच्या कोऱ्या पानावरसुद्धा नाही. वाटलं, मला दिलंय ते हे बघायलाच दिलंय. तिकडे चर्चमध्ये मी निवडलेली म्हणून ओरडत्येय, आणि इथे ज्या बाईनं मला चर्चमध्ये आणलं तिच्या पुस्तकात मी नाहीच. रोज जळते तुमच्यावर. खरं सांगते."

पिलसुनला आत ऊब वाटली. आठ महिन्यांनी पहिल्यांदा तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं. म्हणजे म्हातारीच्या मनात आपणच होतो. एकशे बारा वेळा! आणि हिचं एकदाही नाही. ते दुसरं वाक्य तिने मनात पुन्हा एकदा म्हटलं, आणि पहिल्यापेक्षा तेच जास्त गोड लागतंय हे तिच्या ध्यानात आलं. निवडून घेतल्यावर असं वाटतं तर. कोणीतरी बाहेर राहिलंय म्हणूनच ही ऊब आहे. बुधवारी त्या आमेनमध्ये तिला जे खुपलं होतं, ते आता तिच्याच पोटात मजेत बसलं होतं.

तिने नजर खाली घातली ती तारखांवर पडली. चौदा नोव्हेंबर. त्या साली किमचीच्या लोणच्यासाठी मुरवलेल्या कोबीला मीठ जास्त झालं होतं आणि ते सासूबाईंनी सांगितल्यावर पिलसुनने परात आपटली होती. तीन मार्च. सोयाबीनच्या रसाचं जुनं मडकं फोडलं तो दिवस. फोडून वर, ठेवलंच कशाला वाटेत, असं म्हणाली होती तो दिवस. तिथे नावापुढे चाळीस रेघा होत्या. बाकी ठिकाणी बहुतेक सात. सासूबाईंची पहाटेची एक प्रार्थना, एक रेघ. ज्या माणसाचा राग गिळवत नाही त्याचं नाव देवापुढे मांडायचं, असं त्या एकदा पेज खाताना म्हणाल्या होत्या, आणि पिलसुनला वाटलं होतं त्या शेजारणीबद्दल बोलतायत.

ती गप्प राहिली असती तर चाललं असतं. मीरानला कधीच कळलं नसतं. हान आजींनी मान डोलवली.

"ही मायेनं लिहिलेली नावं नाहीत," पिलसुन म्हणाली. "आई माझ्यावर चिडल्या की लिहायच्या. ही बघ तारीख. मडकं फोडलं त्या दिवशीची. ह्या रेघा म्हणजे राग जाईपर्यंत केलेल्या प्रार्थना."

मीरान वाकून बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे नऊ वर्षांत त्या माझ्यावर एकदाही चिडल्या नाहीत?"

झालं. पिलसुनच्या पोटात पुन्हा जुन्या जागी कळ उठली, आणि तिला त्यातच हसू फुटलं. मीरानही हसायला लागली. आजींना वाटलं आपल्या केसांना हसतायत. त्यांनी आरसा मागितला.

हसणं ओसरल्यावर पिलसुनने त्या लाल अक्षरांवरून बोट फिरवलं. रागाने लिहिलेलं असलं तरी नाव लिहिलेलं होतं, आणि लिहिलं की म्हातारी त्याला सोडत नव्हती, चाळीस दिवस लागले तरी. एसावचंही नाव देवाने रागातच घेतलं, पण असंच सोडलं नसेल तर? कॅल्विनला असली सासू मिळाली नसावी. पाळकांना हे पटणार नाही हे तिला माहीत होतं. पण आपल्याला ते पटलंय, आणि या वेळी ते मीरानवरच्या रागातून आलेलं नाही, एवढं तिला नक्की ठाऊक होतं.

तिने आरशाखालच्या फळीवर वही उघडली आणि तेरावं वचन शब्द न शब्द लिहिलं. मग शास्त्रात खोचलेली लाल पेन्सिल घेतली, समासात बारीक अक्षरात एक नाव लिहिलं, पुढे आजची तारीख घातली आणि वही मीरानकडे सरकवली.

मीरान बोट फिरवत मोठ्याने वाचायला लागली. तेरावं झालं, बोट समासाकडे गेलं आणि तिथेच थांबलं. मीरान, असं लिहिलं होतं. नियमाप्रमाणे अख्खं पान पुन्हा लिहायला हवं होतं. तिने खणातून शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ दिली आणि पानाखाली दाबून मारला.

"किती रेघा?" तिने विचारलं.

"आई सात मारायच्या," पिलसुन वही कापडात बांधत म्हणाली. "तुझ्यासाठी मला जास्त लागतील."