किलवरच्या दुर्रीचा निरोप

मित्रांनो, बावन्न पत्त्यांत सगळ्यांत हलकी म्हणून जिला हिणवतात, ती किलवरची दुर्री मी. आता जुनी झाले आहे आणि माझा एक कोपरा मोडला आहे.

छापखान्यातून आले तेव्हा एक्क्या-राजांच्या तोऱ्यापुढे मी खट्टू असे. पण उत्तर कोलकात्याच्या एका क्लबात भवतोष लाहिडी आणि निरुपम सान्याल भिडू म्हणून बसत, त्यांच्या हातात मला माझी किंमत कळली. ब्रिजमध्ये भिडूशी बोलायचं नसतं, काय ते बोलीनं आणि पानांनी सांगायचं. निरूबाबूंनी 'एक बदाम' म्हटलं की भवतोषबाबूंना त्यांचा अर्धा हात दिसे. निरूबाबूंनी उतारी केली की भवतोषबाबू मोठं पान टाकून 'हाच रंग चालव' सांगत, लहान टाकून 'नको'. किलवरमधला तो 'नको' बहुधा मीच असे.

"आपली दुर्रीसुद्धा बोलते रे, निरू!" मुढीचा, म्हणजे चुरमुऱ्यांचा, बकाणा भरून भवतोषबाबू म्हणत. मी फुलून जाई.

मग निरूबाबूंनी नवी पद्धत आणली. लहान पान म्हणजे 'ये', मोठं म्हणजे 'नको'.

"या वयात मला उलटं चालायला लावतोस होय?" कुरकुरत का होईना, भवतोषबाबू कबूल झाले.

दुर्गापूजेनंतरच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. निरूबाबूंनी किलवरचा राजा उतरला. भवतोषबाबूंना तो रंग नको होता, आणि जुन्या सवयीनं त्यांनी मलाच टाकलं. निरूबाबूंनी नव्या पद्धतीनं मला 'ये' असं वाचलं, पुन्हा किलवर खेळले आणि डाव हातचा गेला.

"भवतोषदा, डोकं घरी ठेवून आलात का? तुमच्याबरोबर बसायचं म्हणजे एकट्यानं तिघांशी खेळायचं!" सगळा क्लब ऐकत होता.

भवतोषबाबूंनी मला उचलून टेबलावर आपटलं. "मग शोध दुसरा भिडू. आणि माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

माझा कोपरा मोडला तो तेव्हा. ओळखू येणारं पान खेळात चालत नाही, म्हणून भवतोषबाबूंनी मला खिशात घालून घरी नेलं.

हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. एका सकाळी त्यांनी उशीखालून मला काढलं आणि मुलीच्या, कुंतलाच्या मुठीत दिलं.

"निरूकाकांना देऊ?" तिनं विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

कुंतला मला घेऊन पोचली तेव्हा निरूबाबू चप्पल घालून आपल्या घराच्या दारातच उभे होते, हातात खजुराच्या गुळाच्या मिठाईचा पुडा. भवतोषबाबूंकडे जायला रोज निघत आणि तिथूनच मागे फिरत. मला पाहून त्यांचा चेहरा पडला. दुर्री, म्हणजे 'नको'. म्हाताऱ्याला जुनंच येतं, राग अजून गेला नाही, असं ते स्वतःशी पुटपुटले.

"बाबांना काय सांगू?"

"सांग, कळलं म्हणावं."

भवतोषबाबूंच्या श्राद्धाच्या दिवशी कुंतला निरूबाबूंना म्हणाली, "तुम्ही 'कळलं' म्हणालात ना, काका, म्हणून बाबा शेवटपर्यंत दाराकडे तोंड करून पडून होते. भांडण झाल्यापासून, वाचा होती तोवर, मला समोर बसवून घोकायचे, 'लहान म्हणजे ये, मोठं म्हणजे नको.' म्हणायचे, आता निरूला बोलायला जागाच ठेवणार नाही."

निरूबाबू भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्या खिशात होते. मला खरंच बोलता आलं असतं तर!

मित्रांनो, एवढंच मागते. रुसलेल्या आपल्या माणसाकडून काहीही आलं, तर त्याचा अर्थ लावत दारात उभे राहू नका. चप्पल पायात असेल, तर तसेच निघा.