भरल्या गाडीचा नियम

बायको गेल्याचं ड्रायव्हरला शेवटच्या थांब्यावर कळलं, सगळे प्रवासी उतरल्यावर. डेपोत ते दोन तास आधीच सगळ्यांना माहीत होतं. त्याच्याच गाडीतल्या कंडक्टरलाही. भरल्या गाडीच्या ड्रायव्हरला वाईट बातमी सांगायची नाही, हा तिथला जुना नियम. त्याने स्वतः तो दुसऱ्यांच्या बाबतीत दोनदा पाळला होता, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं.

राग होता तो मधल्या स्टँडवरच्या कंट्रोलरवर. ड्यूटीवर ड्रायव्हरांचे फोन डेपोत जमा असायचे. त्या दिवशी गाडी स्टँडवर दहा मिनिटं थांबली तेव्हा ड्रायव्हर त्याला म्हणाला होता, "जरा तुझा फोन दे, बाईसाहेबांचा काय हुकूम आहे विचारतो." कंट्रोलरने खिशावर हात ठेवला. "चार्जिंग संपलंय रे. चहा घे." दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलेले. त्या दिवसापासून बोलणं बंद.

वर्ष गेलं. ड्रायव्हर निवृत्त झाला. बायकोच्या आजारपणात घरी येणारी सिस्टर दोन बस बदलून यायची, आणि इंजेक्शनची वेळ टळली की बायको दाराकडे बघत पडून राहायची. सिस्टरच्या संस्थेला एक गाडी हवी होती. ड्रायव्हरने ठरवलं, आपला एकशे बेचाळीस किलोमीटरचा रूट पायी चालायचा आणि दर किलोमीटरमागे लोकांकडून देणगी घ्यायची.

मुलगी म्हणाली, "बाबा, कोपऱ्यावरून दूध आणायला तुम्ही स्कूटर काढता."

"तुझी आई हेच म्हणायची."

"मग तिचं तरी ऐका."

"तिचं ऐकायचं जरा राहूनच गेलं," तो म्हणाला आणि बूट घ्यायला निघाला.

पैसे नुसते मागूनही मिळाले असते. पण ती नाही हे माहीत असताना त्याला तो रस्ता एकदा पार करायचा होता.

रस्ता तळहातासारखा ठाऊक, पण सीटच्या उंचीवरून. चढ म्हणजे तिसरा गिअर, एवढीच त्याची ओळख. पायी तो पहिलाच चढ दोन तास संपेना. दुसऱ्या दिवशी टाचांना फोड आले. ओळखीच्या गाड्या हॉर्न देत जात. एकाने वेग कमी करून मान बाहेर काढली, "काय दादा, तिकीट नव्हतं म्हणून उतरवलं का?"

"तुझ्या आधी पोचेन, चल हो पुढे!"

आतले प्रवासी हसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मधलं स्टँड आलं. त्याने पलीकडच्या कडेने निघून जायचं ठरवलं होतं, पण कंट्रोलर खुर्ची घेऊन रस्त्यावरच येऊन उभा राहिला होता.

"लंगडतोयस. बस."

ड्रायव्हर थांबला, बसला नाही. "फोन चालू होता ना तेव्हा?"

"होता."

"मग?"

"पुढे घाट, मागे चोपन्न माणसं," कंट्रोलर म्हणाला. खुर्चीची पाठ त्याने धरूनच ठेवली होती. "आणि तू हसत होतास. ती अंथरुणात पडल्या पडल्या तुझ्याकडून पडद्यांना इस्त्री करून घेते, ते सांगत होतास. मला नाही जमलं बाबा."

ड्रायव्हर खुर्चीला वळसा घालून चालू लागला.

घाटात वेग कमी, त्यामुळे विचाराला वेळ भरपूर. त्या दिवशी इथून जाताना आपण काय विचार करत होतो, ते तो आठवू लागला. आधी काही सुचेना. मग एका वळणावर आठवलं. तिला चमचा धरवत नाही, तर हलका, नळीचा पेला कुठे मिळेल? पुलावर तिच्या सकाळच्या टोमण्याला उत्तर जुळवत होतो. चांगलं जुळलंही होतं. घरी मुलगी एकटी रडत होती आणि इकडे त्याला अजून बायको होती. हे दोन तास आपल्याकडून हिसकावले की आपल्याला मिळाले, ते घाट उतरेपर्यंत ठरेना. खाली आल्यावर वाटलं, मिळाले असावेत. निदान थोडे तरी.

सहाव्या दिवशी तो शेवटच्या थांब्यावर पोचला. मुलगी आणि सिस्टर उभ्या होत्या. देणग्या जमल्या होत्या, संस्थेची गाडी येणार होती. जुनी, पण येणार होती.

"आता ती चालवणार कोण?" सिस्टर म्हणाली. "आम्हाला सायकलसुद्धा धड येत नाही."

"चालवायला माणूस आहे," मुलगी म्हणाली. "चालून दमलाय, एवढंच."

परत येताना बापलेक बसने आले. मधल्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. काचेपलीकडे कंट्रोलर रजिस्टरमध्ये गाडीची वेळ लिहीत होता.

"बाबा, उतरताय?"

"पाय दुखतायत," तो म्हणाला. पाय खरंच दुखत होते.

आता तो आठवड्यातून तीन दिवस सिस्टरला घेऊन घरोघर जातो. कंट्रोलरशी बोलायचं अजून राहिलंय.