मी सांगितलेलं खोटं माप

मी एक जुनी बंदूक आहे, पण माझ्यातून आजवर एकही छर्रा सुटलेला नाही. नवल वाटलं ना, मित्रांनो? मी मापाची बंदूक आहे. चपलांच्या दुकानात पाऊल मोजायची फळी असते ना, तशी बंदुकांच्या दुकानात मी. माझ्या खांद्याला टेकणाऱ्या लाकडी दस्त्याला बिजागरी आहे आणि तीन स्क्रू. किल्लीनं ते फिरवले की दस्ता लांब होतो, आखूड होतो, खालीवर होतो. माणसाला नेमका बसला की त्या मापाची बंदूक त्याला द्यायची, एवढंच माझं काम.

माझा जन्म बर्मिंगहॅमचा. पण सगळी नोकरी झाली इंग्लंडातल्याच श्रॉपशर परगण्यातल्या एका बाजारगावात, एडविन प्रॉसर यांच्या दुकानात. पहिलीवहिली बंदूक घ्यायला आलेलं माणूस हमखास नक्षीवर भाळतं. प्रॉसर त्याला हाताला धरून माझ्याकडे आणत. "नक्षी कुठं पळून जात नाही. आधी हिला खांद्याला लावा," म्हणत. मग मला उघडून रिकामी असल्याचं दाखवत, समोर उभे राहत आणि गिऱ्हाइकाला आपल्या डोळ्यावर नेम धरायला लावत. नळीच्या वर गिऱ्हाइकाचा डोळा बरोबर मधोमध दिसला की माप जुळलं. लोक लांबून येत आणि म्हणत, प्रॉसरचं माप म्हणजे माप. ते ऐकून मीसुद्धा फुगत असे. आता ते आठवलं तरी कसंनुसं होतं.

दुकानात काचेच्या कपाटात एक दुनळी बंदूक होती. अक्रोडाचं लाकूड, चांदीचे कोरलेले तितर. एका साडेसहा फुटी जमीनदारानं ती स्वतःच्या मापानं बनवून घेतली आणि न्यायला आलाच नाही. चार वर्षं ती तशीच पडून होती. प्रॉसरांची बहीण ऑल्वेन चहा आणून ठेवताना रोज टोमणा मारायची.

"एडविन, ही आता इथंच म्हातारी होणार. केस तेवढे पिकायचे राहिलेत बघ."

प्रॉसर हसत नसत.

त्या वसंतात म्युरिएल गिटिन्स आल्या. ठेंगण्या, साठीला टेकलेल्या, लग्नाचे झगे शिवणाऱ्या. हातात पोलिसांचा कोरा करकरीत परवाना.

"रविवारी आमच्या क्लबात मातीच्या तबकड्या हवेत उडवून बंदुकीनं फोडतात," त्या म्हणाल्या. "पस्तीस वर्षं मान खाली घालून शिवत आले हो. आता आठवड्यातून एकदा तरी वर आभाळाकडे बघावं म्हणते."

प्रॉसरांनी माझे स्क्रू फिरवले. बाईंनी मला खांद्याला लावलं आणि मी अशी अलगद बसले की विचारू नका. त्यांचा डोळा अगदी मधोमध होता. प्रॉसरांनीही तो पाहिला. मग त्यांची नजर काचेच्या कपाटाकडे गेली.

"थंडीच्या जाड कोटासाठी थोडी जागा ठेवू," ते म्हणाले.

मित्रांनो, जाड कोटाला दस्ता आखूड लागतो, लांब नाही. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. तरी किल्ली फिरली आणि दस्ता त्या दुनळीच्या मापाकडे एक इंच लांब झाला. माझे स्क्रू जुने आहेत, एरवी पदोपदी अडतात. त्या दिवशी अडले असते तर कुणी मला दोष दिला नसता. पण मी लोण्यासारखी फिरले. मालकाची मर्जी राखली, दुसरं काय!

"जरा लांब नाही वाटत?" बाईंनी विचारलं.

"सवय होईल. तुमच्यासाठीच घडवल्यासारखी एक बंदूक आहे माझ्याकडे."

"बरोबर आहे. आम्हीही कपड्यात जादा कापडाची माया ठेवतोच की," असं म्हणत त्या खुशीत दुनळी घेऊन गेल्या. ऑल्वेननं टाळ्या वाजवल्या. मी खुंटीवर गप्प लटकत राहिले.

सात रविवार गेले. बाई परत आल्या, तेव्हा त्यांच्या दंडावर आणि जबड्यावर लांब दस्त्याच्या धक्क्यांचे काळेनिळे डाग होते. त्यांनी दुनळी टेबलावर अलगद ठेवली.

"ही परत घ्या, मिस्टर प्रॉसर. एक तबकडी फुटेल तर शपथ! बंदूक लाखात एक आहे. मापही तुम्ही माझ्यासमोरच घेतलंत. म्हणजे खोट माझ्यातच आहे. परवा एका नवरीचं माप मी चारदा घेतलं. हातावरचा विश्वासच उडालाय. तुमची इतकी देखणी वस्तू माझ्यापायी वाया गेली, माफ करा मला."

माफी त्यांनी मागितली! मला खुंटीवरून खाली पडावंसं वाटलं.

प्रॉसरांनी मला खुंटीवरून काढलं, स्क्रू बाईंच्या पहिल्या मापावर आणले आणि मला त्यांच्या हातात दिलं. मी पुन्हा अलगद बसले. बाईंनी मला लगेच खाली घेतलं नाही.

"हे माप त्या दिवशी होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"मग?"

"मी बदललं, बाई. ती विकायची होती."

ऑल्वेनच्या हातातली किटली तशीच राहिली. बाई ओरडल्या नाहीत. "सात रविवार मी स्वतःला नावं ठेवली," एवढंच म्हणाल्या.

प्रॉसरांनी त्या दुनळीचा दस्ता स्वतःच्या हातानं कापून दिला. न्यायला आल्या तेव्हा बाईंनी 'थँक यू' म्हटलं नाही. पिशवीतून टेप काढून दस्ता दोनदा मोजला, आकडा मोठ्यानं वाचला. प्रॉसर शेजारी मान खाली घालून उभे होते. मग त्या माझ्यापाशी आल्या आणि तीच टेप त्यांनी माझ्या अंगावर धरली. तीस वर्षं मी माणसं मोजली. त्या दिवशी माझंच माप काढलं गेलं, आणि ते काढायलाच हवं होतं.

म्हणून मित्रांनो, पहिली बंदूक घ्यायला जाल तेव्हा नक्षी बघू नका, माप जरूर घ्या. पण माप एक सांगत असेल आणि तुमचा खांदा दुसरंच, तर लगेच खांद्याला दोष देऊ नका. माझे स्क्रू कोणाच्या हातात आहेत, तेवढं एकदा बघून घ्या.