चमच्यालाही कॅन्सर

शुक्रवारी आखातातल्या अल अमेरातमधल्या एका व्हिलाच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. रत्नागिरी, रायगड, पुणे, सगळा महाराष्ट्र टाचा उंचावून बघत होता. जीनगुरू यशोधन तुटलेले डीएनए सांधत होते, तेही मंत्राविना. मंत्र जुने झाले, गुरू आता सायन्स पुटपुटत.

"डीएनएची जोडी चुकली की कॅन्सर! कॉस्मिक जलात हात धुवा, पिवळ्या कागदावर अंगठा टेका!"

रत्नागिरीच्या जमिलाने अंगठा टेकला. रक्तासारखा लाल ठसा! "या अल्ला" आणि "बाप रे" एकदमच उठले. गुरूंनी वर रिपेअर ड्रॉप टाकला आणि ठसा पुन्हा पिवळा झाला.

"खलास! जोडी जुळली. रविवारची ती आतड्यात नळी घालायची तपासणी कॅन्सल करा."

जमिलाला आनंदाने रडूच फुटलं. वडील आतड्याच्या कॅन्सरने गेले, भाऊ हारूनचं त्याचंच ऑपरेशन झालं, आणि आता तिच्याही रक्तात तोच बिघडलेला जीन सापडला होता. तिने हॉस्पिटलला फोन लावायला घेतला, तेवढ्यात शेजारीण डॉक्टर तृप्तीने तिचा हात धरला.

"आपा, दोन मिनिटं थांबा."

तृप्तीने चहाचा चमचा कॉस्मिक जलात बुडवून कागदावर टेकवला. लाल! "अरेरे, चमच्यालाही कॅन्सर!" मग गाडीची किल्ली टेकवली. तीही लाल.

"स्टीललाही सूक्ष्म पेशी असतात!" गुरू गरजले.

"मग आमची कढई पण बरी करा, गुरुजी!" मागून कोणीतरी ओरडलं आणि हॉलमध्ये हास्याचा स्फोट झाला.

जमिलाने तो कागद नाकाशी नेला. "अगो, ही तर हळद! नवरीचे हळदीचे कपडे साबणात टाकले की असेच लाल होतात. जन्मभर धुतले मी, आणि इथे अक्कल गहाण टाकली!"

"पाण्यात धुण्याचा सोडा आहे, ड्रॉपमध्ये लिंबू," तृप्ती म्हणाली. "सोड्याने हळद लाल होते, आंबटाने परत पिवळी."

गुरूंनी बाटल्या गोळा केल्या आणि 'यल्ला, चला' म्हणत काढता पाय घेतला. जमिला पोट धरधरून हसली आणि हसता हसता मटकन खाली बसली. "म्हणजे माझं काही जुळलंच नाही गो?"

"नाही, आपा." तृप्ती तिच्याशेजारी बसली. "पेशी दुप्पट होताना डीएनएची नवी प्रत उतरते. कुठे चुकीची जोडी बसली, तर दुरुस्ती करणारी प्रथिनं तेवढा तुकडा कापून नव्याने लिहितात. तुमच्या घरात त्या दुरुस्तीच्याच जीनची एक प्रत बिघडलेली आली आहे. दुसरी, आईकडून आलेली चांगली प्रत सध्या काम सांभाळते. एखाद्या पेशीत तीही बिघडली, तर चुका साचत जातात आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. तो जीन आज कोणालाच दुरुस्त करता येत नाही. पण वेळोवेळी तपासलं, तर वाढू पाहणारी गाठ आधीच काढता येते."

जमिला जाम घाबरली होती. तरीही रविवारी गेली. दोन छोट्या गाठी निघाल्या, डॉक्टरांनी तिथेच काढून टाकल्या.

संध्याकाळी तिने सलालाहला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला फोन लावला. गाठी ऐकून सादिया तिकडे हुंदके द्यायला लागली.

"रडतेस कशाला? दिसल्या म्हणून तर काढल्या!" जमिला म्हणाली. "कोणी चमत्कार दाखवला तर आधी त्याला कसा केला ते विचार. आणि उद्या सकाळी जाऊन तुझं रक्त तपासायला दे."