चौकडीतला तिसरा भाग

तिसरा भाग सगळ्यात वाईट, यावर तातेराव आणि बद्रीनाथ या दोघांचं एकमत होतं. बाकी कशावर नव्हतं.

तातेरावचं नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला सायबर कॅफे होतं. घनसावंगीकडची शेती भावावर सोपवून तो कॉम्प्युटरच्या धंद्यात पडला होता. त्यानं मुंबईहून एक खोकं मागवलं होतं. ऑर्व्हेन नावाचं एक बनावट जग, तलवारी, मंत्र, राक्षस, आणि त्या जगातले चार खेळ एकाच खोक्यात. खेळणाऱ्यानं हवं तिकडं जावं, हवं ते करावं, अशी त्यांची रचना होती. त्या खोक्याला हे लोक चौकडी म्हणत.

बद्रीनाथ एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर होते. चाळिशीचा, कामानं काळवंडलेला माणूस. त्यांना पहिला भाग आवडे. त्यातली माणसं ठोकळे रचून केल्यासारखी दिसतात, पण गोष्ट पक्की आहे, असं ते म्हणत. तातेराव दुसऱ्या भागाचा. चौथा भाग देखणा, पण कुठं जायचं ते बाण दाखवून सांगत राहतो, म्हणून दोघंही त्याला नावं ठेवत आणि दोघंही तो खेळत. तिसऱ्यात मात्र काहीच नाही. नजर पोचेल तिथवर गवताचा माळ, मध्येच एखादी झोपडी, आणि निम्म्याहून अधिक कोरा नकाशा. जगभरच्या खेळणाऱ्यांनी नेटवर लिहिलेली मतं तातेराव वाचून दाखवायचा. तिथंही तिसऱ्या भागाला सगळ्यात कमी तारे असायचे.

माझ्या आईला तिसराच आवडायचा.

आईचे सांधे धरले होते. आमचं घर पहिल्या मजल्यावर. शेवटची चार-पाच वर्षं ती जिना क्वचितच उतरली असेल. मी औरंगाबादला कॉलेजात शिकवते. एकमेकींना मेल करता येईल म्हणून मी तिला कॉम्प्युटर घेऊन दिला, तो तातेरावनंच जोडला. जोडल्यावर नीट चालतो का बघायला त्यानं एक खेळ लावला. पडद्यावर एक बाई पाठमोरी उभी होती. आईनं विचारलं, हे बटण दाबलं तर काय होतं. तातेराव म्हणाला, काकू, ती चालंल. आईनं दाबलं. मेल करायला ती कधी शिकली नाही.

दुपारची लाईट गेली की तातेरावचं कॅफे बंद पडायचं. त्या वेळी तो आमच्याकडे चहाला येऊ लागला. रविवारी बद्रीनाथ येत. बाबा तेव्हा बी-बियाण्यांच्या कंपनीतून नुकतेच निवृत्त झाले होते. आई आणि हे दोघं आत वाद घालत आणि बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत. सुट्टीला आले की मी आतल्या पलंगावर पुस्तक घेऊन पडलेली असायची. त्यांचं बोलणं मला पाठ झालं होतं.

तातेराव म्हणायचा, तिसरा भाग खेळणं म्हणजे अंबडच्या फाट्यावर एसटीची वाट पाहणं. बद्रीनाथ म्हणत, मी दिवसभर भट्टीपुढं उभा असतो, संध्याकाळी मला कोणाचं तरी मुंडकं उडवायला पाहिजे, गवत कशाला बघू? आई हसायची. ती म्हणायची की तुम्ही दोघं दिवसभर गाव फिरता, म्हणून तुम्हाला फिरण्याची किंमत न्हाई.

तिनं त्या खेळात कोणाला मारलं नाही. ती चालायची. लाईटचा भरवसा नव्हता, म्हणून तातेरावनं तिला खेळ साठवून ठेवायचं एकच बटण शिकवून ठेवलं होतं. ते दाबलं की आधीची खूण पुसली जाते आणि नवी तिथं बसते. जालन्यात सगळेच तसं करत. दर थोड्या वेळानं बटण, आणि मग लाईट जाऊन कॉम्प्युटरची बॅटरी टूं-टूं करू लागली की शेवटचं एकदा. त्यामुळे आईच्या सगळ्या चालण्याची एकच जागा शिल्लक राहायची, ती जिथं शेवटी थांबली ती.

संक्रांतीनंतर तिला ताप आला. छातीत कफ साचला. दवाखान्यात नेताना तातेराव आणि बद्रीनाथांनी तिला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली उतरवलं. ती परत वर आली नाही.

भेटायला येणाऱ्यांमध्ये बद्रीनाथही आले. काय बोलावं हे त्यांना सुचत नव्हतं, तसं ते कोणालाच सुचत नाही. मग चौकडीबद्दल बोलू लागले, कारण आईशी त्यांचं तेवढंच बोलणं होतं. म्हणाले, मी काकूंना एकदा विचारलं, या रिकाम्या भागात तुम्हाला काय सापडतं.

"तर काकू म्हणल्या, इथं मला कोणी विचारत न्हाई, कुठं गेल्ती म्हणून."

त्यांना ते मजेचं वाटत होतं. आम्हाला जरा हसू यावं म्हणून त्यांनी सांगितलं होतं. बाबा हसले नाहीत. बद्रीनाथ गेल्यावर त्यांनी मला विचारलं, मी विचारायचो का तिला? मी म्हणाले, सगळेच विचारतात, बाबा. त्यात काय.

पण ते वाक्य त्यांना लागलं. पुढं फोनवर ते एकच गोष्ट फिरवून फिरवून बोलत. तिला जिना उतरू नको म्हणालो ते तिच्या गुडघ्यांसाठी. बाजारातून उशीर झाला की दारात उभा राहायचो, काळजी वाटायची म्हणून. एखाद्या हिशेबनिसासमोर कागद मांडावेत तसे ते माझ्यापुढं एकेक कारण मांडत, आणि मी हो हो म्हणत असे.

मार्चमध्ये त्यांनी तातेरावला बोलावलं आणि कॉम्प्युटर लावायला सांगितलं. तिला तिथं काय दिसायचं, ते त्यांना बघायचं होतं. पडद्यावर ती पाठमोरी बाई एका भल्यामोठ्या वेशीपुढं उभी होती. तातेरावनं समजावलं की हीच या खेळाची शेवटची वेस. आत गेलं की राजा उठून सामोरा येतो, लोक ओळीनं वाकतात, तिला राहायला घर मिळतं, घरात दिवा लागलेला असतो. मग खेळ संपतो. संपला की आपोआप तसाच साठवला जातो, मागं फिरता येत नाही. काकू किती वेळा तरी वेशीपर्यंत यायच्या आणि परत माळावर जायच्या, हेही त्यानं सांगितलं.

बाबांचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे होतं. तिथं त्या बाईचं, खेळणाऱ्यानं ठेवलेलं नाव इंग्रजीत लिहिलेलं होतं. दुर्गा.

माझ्या आजीचं, म्हणजे बाबांच्या आईचं नाव दुर्गाबाई.

त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज बऱ्याच दिवसांनी मोकळा वाटला. रजनीनं, म्हणजे माझ्या आईनं, खेळातसुद्धा सासूचं नाव ठेवलं होतं, असं ते सांगत होते. आजीचं आणि आईचं कधी भांडण झालं नाही, पण बोलणंही बेताचंच होतं. बाबांना ती गोष्ट आयुष्यभर सलत आली असावी. आता त्यांना वाटलं की मनातून सगळं नीट होतं. त्यांनी परभणीच्या आत्याला फोन केला, ती रडली. ज्या घरातल्या म्हातारीचं नाव तिनं स्वतःहून घेतलं, त्या घराला ती कंटाळली होती असं कसं म्हणता येईल? हे ते बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं.

मी ऐकून घेतलं. दुर्गा हे आईचंच नाव होतं.

घनसावंगीजवळच्या तिच्या गावात, पाळण्यात ठेवलेलं. बाबांच्या वेळी मुलगी बघायला मुलगा जात नसे. त्यांचे मोठे काका गेले होते. सासूसुनेचं एकच नाव असून चालत नाही. घरात सुनेला हाक मारायची म्हणजे म्हातारीला नावानं बोलावल्यासारखं होतं, आणि नवऱ्याला तर आपल्या आईचं नाव बायकोसाठी तोंडातून काढताच येत नाही. म्हणून पत्रिका छापण्याआधीच रजनी हे नवं नाव ठरलं. माहेरी लहान भावंडं तिला अक्का म्हणत, आईवडील लवकर गेले, त्यामुळे जुन्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही. एका चुलतबहिणीच्या लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव काढत होते, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या आईनं मला हे हळूच सांगितलं होतं. काही तक्रार म्हणून नाही. आज भाजीत मीठ जास्त झालं, असं सांगावं तसं.

बाबांनी मग ठरवूनच टाकलं. तिला वेशीतून आत न्यायचं. उंबऱ्याशी आलेल्या बाईमाणसाला बाहेर उभं ठेवू नये, अर्धं ठेवू नये. तातेरावकडून ते बटणं शिकले. आईची खूण बिघडू नये म्हणून पहिल्या भागात चालण्याचा सराव केला. बद्रीनाथांनी त्यांना सांगून पाहिलं की तिसऱ्याचा शेवट अगदीच फुसका आहे, राजा दोन वाक्यं बोलतो आणि नावांची पाटी येते, इतकं चालवून हे, म्हणून तर लोक शिव्या घालतात. बाबा म्हणाले, असू दे. मी फोनवर म्हणाले की आहे तशीच राहू द्या. ते म्हणाले, तू सुट्टीला ये, मंग करू.

मला ती वेशीपुढची जागा तशीच हवी होती. आईच्या साड्या वाटून झाल्या होत्या, तिचा पलंग भिंतीला लावला होता. तिनं आपल्या हातानं सोडलेली आणि अजून कोणी न हलवलेली एवढी एकच गोष्ट होती. ती ठेवायची तर बाबांना खरं सांगावं लागणार होतं, आणि खरं सांगितलं की त्यांना मिळालेला आधार जाणार होता. एप्रिलभर मी पेपर तपासत होते आणि हेच मनात चालू होतं. आई काय म्हणाली असती, याचा अंदाजही येईना. तिनं आयुष्यात कोणाला काही दुरुस्त करून सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात मी जालन्याला आले. दुपारी लाईट असण्याची वेळ धरून बाबांनी पांढरा धुतलेला सदरा घातला, पाणी प्यायले आणि आईच्या खुर्चीत बसले. मी मागं उभी राहिले. खिडकीला ओला टॉवेल लावलेला होता तरी खोली तापली होती. वेस पडद्यावर आली. बाबांनी बटण दाबलं तशी ती बाई दोन पावलं पुढं गेली.

"बाबा, थांबा. दुर्गा म्हणजे आजी न्हाई."

त्यांनी बोट उचललं. "मंग कोण?"

"आई. तिचं लग्नाआधीचं नाव."

ते वळले नाहीत. पडद्याकडेच बघत होते.

"तुला कोणी सांगितलं?"

"आईनं."

कूलर घरघरत होता. बाबांनी विचारलं की कधी, आणि मी सांगितलं. मोठ्या काकांनी मला सांगितलं असंल तेव्हा, ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, सांगितलं असंल. मग त्यांचे ओठ हलले. मला वाटलं ते काही विचारत आहेत, म्हणून मी वाकले. ते तिचं नाव घेऊन बघत होते. आवाज निघाला नाही.

"न्हाई बाई," ते म्हणाले, "आईला हाक मारल्यासारखं होतं."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हाडांचा झाला होता. एकदा वाटलं, चूक झाली, त्यांना तेवढं राहू द्यायला हवं होतं. वाटलं तरी आता काही करता येण्यासारखं नव्हतं.

त्यांनी माऊस हळूच ओढला. ती बाई जागच्या जागी वळली आणि वेस पडद्याबाहेर गेली. समोर माळ आला. बाबांनी तो आधी पाहिलेला नव्हता. त्यांच्यासमोर नेहमी वेसच असायची. पिवळं गवत, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेलं, आणि कुठंही वाट नाही. एवढ्या मोठ्या जागेत ती एकटीच फिरायची का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

"भ्यायची न्हाई?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

लाईट वेळेआधीच गेली. कूलर थांबला आणि बॅटरी टूं-टूं करू लागली. तिनं ज्या बटणावर रोज बोट ठेवलं ते बाबांना माहीत होतं. त्यांचा हात तिकडं गेलाही. दाबलं असतं तर आईची खूण पुसून ती बाई आताच्या जागी, त्यांनी आणून सोडलेली, राहिली असती. त्यांनी हात मांडीवर घेतला. पडदा काळा झाला.

रविवारी बद्रीनाथ आले. मिलमधून परस्पर आले होते, दंडावर भाजल्याचा ताजा डाग होता. काका, झालं का पुरं, त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तो शेवट किती बेकार आहे ते मला सांगू लागले. राजाचा चेहरासुद्धा नीट काढलेला न्हाई, म्हणाले.

"ती आत गेली न्हाई," बाबा म्हणाले. "तिला जायचं नव्हतं."

बद्रीनाथांनी माझ्याकडे पाहिलं. बाबा चहा ठेवतो म्हणून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ झाला तरी आतून भांड्याचा आवाज आला नाही.